सिंगल-स्टेज की टरेट: रायफलची काडतुसं भरताना फरक नेमका कुठे पडतो

अमेरिकेत रायफलची काडतुसं घरी भरू पाहणाऱ्याला दुकानात दोन प्रेस (काडतुसं भरायची हातयंत्रं) शेजारी शेजारी मांडलेल्या दिसतात. दोन्हींना एक दांडा, एक रॅम (दांड्याने वर-खाली होणारा दट्ट्या) आणि रॅमच्या टोकावर पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, धरणारा एकच शेल होल्डर. एकीच्या माथ्यावर डाय (पुंगळीला आकार देणारा किंवा तिच्यात गोळी बसवणारा साचा) बसवायला आटे पाडलेलं एकच भोक असतं, ती सिंगल-स्टेज. दुसरीच्या माथ्यावर चार, सात किंवा आठ भोकांची फिरती चकती असते, ती टरेट. ही चकती पाहिली की टरेट भराभर काडतुसं काढून देईल असं वाटतं, आणि इथेच निवड चुकते. दांडा एकदा ओढला की दोन्ही प्रेसवर एका पुंगळीवर एकच काम होतं. एका ओढीत तीन-चार पुंगळ्यांवर वेगवेगळी कामं करणारी प्रोग्रेसिव्ह प्रेस निराळी, तिचा विचार इथे नको. (भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट असू दे: परवान्याशिवाय काडतूस तयार करायला १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५नुसार मनाई आहे.)

सिंगल-स्टेजवर डाय एकदा लावून सगळ्या पुंगळ्या तिच्याखालून काढायच्या, मग डाय बदलून पुन्हा पहिल्या पुंगळीपासून सुरुवात. टरेटवर पुंगळी जागेवरच राहते, चकती फिरते आणि पुढची डाय तिच्यावर येते. वेळ वाचतो तो पुंगळी पुन्हा पुन्हा काढण्या-घालण्याचा आणि डाय बदलण्याचा.

पिस्तुलाच्या सरळ पुंगळीसाठी ही बचत खरी आहे. कार्बाइडची (अतिकठीण, गुळगुळीत) डाय असेल तर वंगणही लागत नाही. पुंगळी आत गेली की काडतूस होऊनच बाहेर येते. रायफलची पुंगळी मात्र खांदा असलेली, बाटलीच्या आकाराची. डागलेली, फुगलेली पुंगळी पुन्हा मापात आणणाऱ्या साइझिंग डायमध्ये तिला वंगण लावल्याशिवाय घातलं तर ती आत घट्ट अडकून बसते. साइझिंग झालं की वंगण पुसायचं. दाबाखाली पितळ मानेकडे सरकून पुंगळी लांबते, म्हणून कॅलिपरने लांबी मोजायची. .३०८ विंचेस्टरच्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच, त्यापुढे गेली तर ती साधारण २.००५ इंचापर्यंत कापून तोंडाच्या कडा आतून-बाहेरून साफ करायच्या. म्हणजे पहिल्याच कामानंतर पुंगळी प्रेसवरून खाली उतरली. चकतीचा मोठा फायदा पुंगळी न उतरवण्यात होता. रायफलमध्ये तो पहिल्याच पायरीवर निम्मा संपतो. उरतं ते प्रायमर (बुडाशी बसणारी, ठिणगी देणारी टोपी) बसवणं, पावडर (दारू) भरणं आणि गोळी बसवणं, आणि त्यातही पावडर काट्यावर तोलून घालणाऱ्याचा वेग काटाच ठरवतो.

दुसरा फरक ताठपणाचा. चांगल्या सिंगल-स्टेजची चौकट इंग्रजी ओ अक्षरासारखी बंद असते आणि रॅमचा जोर सरळ डायच्या मध्यातून वर जातो. आरसीबीएसची रॉक चकर किंवा रेडिंगची बिग बॉस ही त्यातली जुनी, नावाजलेली मॉडेलं. (सी आकाराची, एका बाजूने उघडी चौकट हाताला सोयीची असते, पण मोठ्या पुंगळीच्या जोराला ओच बरी.) टरेटमध्ये चकती फिरायची म्हणजे तिला थोडी मोकळीक ठेवावीच लागते. रेडिंगच्या टी-७सारख्या प्रेसमध्ये ती मधल्या खांबावर बसते आणि डाय त्या खांबापासून बाजूला असते. साइझिंगचा जोर आला की चकती किंचित उचलली जाते. टरेटवर अचूक काडतूस होतच नाही असं म्हणणारे मात्र अतिशयोक्ती करतात. चकती दर वेळी एकाच दिशेने आणि जवळपास तेवढीच उचलली जात असेल, तर डाय त्या हिशेबाने खाली घेता येते. खरी अडचण पुंगळ्यांची आहे. एक मऊ, दुसरी अनेकदा डागून कडक झालेली; एकीवर वंगण जास्त, दुसरीवर कमी. जोर बदलला की उचलही बदलते. पुंगळीचा खांदा जेमतेम ०.००२ इंच मागे सारायचा असतो, तिथे एवढासा फरकही मापात दिसतो. .३०० विंचेस्टर मॅग्नमसारख्या थोराड पुंगळीत तो जास्तच जाणवतो.

नवशिक्याने सिंगल-स्टेजपासूनच सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं, आणि त्याचं सगळ्यात मोठं कारण सुरक्षिततेचं आहे. सिंगल-स्टेजवर काम टप्प्याटप्प्याने होतं. पन्नास पुंगळ्या लोडिंग ब्लॉकमध्ये (भोकं पाडलेल्या ठोकळ्यात) उभ्या करून सगळ्यांत पावडर घातली, की वरून टॉर्च मारून पातळी एका नजरेत पाहता येते. एखादीत जास्त पडली किंवा एखादी कोरी राहिली तर ती शेजारणींमध्ये लगेच उठून दिसते. टरेटवर एकेक पुंगळी पूर्ण करत गेलात तर तुलनेला शेजारीण नसते. प्रत्येकीत डोकावूनच गोळी ठेवावी लागते, आणि मधेच कुणी हाक मारली की आपण कुठे होतो हा प्रश्न उरतो. चकती हाताने फिरवायची असेल तर एखादी पायरी गाळली जाण्याचीही शक्यता असते.

टरेट कुणासाठी चांगली? जो पिस्तुलाचीही काडतुसं भरतो, किंवा चार-पाच कॅलिबर हाताळतो आणि प्रत्येकाच्या डाय जुळवून ठेवलेली चकतीच काढून दुसरी बसवू इच्छितो. लीच्या चार भोकांच्या टरेटवर हे क्षणात होतं. पण तेवढ्यासाठीच टरेट घेत असाल तर थांबा. हॉर्नाडीच्या सिंगल-स्टेजवर डाय बुशिंगमध्ये बसते आणि थोडंसं फिरवलं की जुळवलेल्या मापासह निघते. फॉर्स्टरच्या को-ॲक्समध्ये तर डाय लॉक रिंगसकट खाचेत सरकवायची, बस्स.

विकत घेण्याआधी दोन मापं तपासा. डायचे आटे ७/८-१४ (७/८ इंच व्यास, इंचाला १४ आटे) असतील तर बहुतेक सगळ्या कंपन्यांच्या डाय चालतील; .५० बीएमजी या मशीनगनच्या अवाढव्य काडतुसाला मात्र मोठ्या आट्यांची प्रेस लागते. आणि चौकटीचं तोंड असं हवं की .३०-०६ची लांब पुंगळी आणि तिच्यावर धरलेली गोळी बोटं न अडकता आत जाईल. प्रेस टेबलाला बोल्टने पक्की करा, टेबल भिंतीला. टेबलच डुलत असेल तर कुठलीही चौकट साइझिंगचा जोर सरळ ठेवू शकणार नाही.