मूळव्याध समजून सोडून दिलेलं रक्त

शौचाला रक्त पडलं की तोंडात पहिला शब्द येतो तो मूळव्याध. बहुतेक वेळा ते खरंही असतं, आणि तिथेच घात होतो. एखादं मलम, चार दिवस पथ्य, रक्त थांबतं आणि विषय संपतो. मोठ्या आतड्याचा कर्करोगही असाच अधूनमधून रक्त दाखवून गप्प बसतो. शिवाय एकाच माणसाला दोन्ही असू शकतात, हे लक्षात कोण घेतो?

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. त्याचं आतलं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं. पेशी इतक्या झपाट्याने विभागत असताना जनुकांची नक्कल कुठेतरी चुकतेच. मग एखादी पेशी थांबायचं विसरते आणि अस्तरावर छोटा उंचवटा येतो, कधी तर देठासकट, अळंबीसारखा. हा पॉलिप. बहुतेक पॉलिप निरुपद्रवीच राहतात. काहींचा मात्र पुढे कर्करोग होतो, पण त्याला बहुधा दहाएक वर्षं लागतात. एवढी मुदत देणारे कर्करोग थोडेच.

या काळात दुखत मात्र काहीच नाही. आतड्याला ताण कळतो, अस्तराला पडलेली चीर कळत नाही.

पुढे गाठ झाली तरी लक्षणं ती कुठे आहे यावर ठरतात. उजवीकडे आतडं रुंद आणि मळ पातळ, त्यामुळे गाठ निवांत वाढते. रक्त थेंबाथेंबाने मळात मिसळतं, डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो थकवा. जिना चढताना धाप लागते, हिमोग्लोबिन कमी निघतं, लोहाच्या गोळ्या सुरू होतात. टाकी खालून गळतेय आणि आपण वरून पाणी ओततोय, असा हा प्रकार. पुरुषांमध्ये किंवा पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये लोह कमी झालं, तर ते कुठून गळतंय हे शोधायलाच हवं. डावीकडे आतडं अरुंद आणि मळ घट्ट. तिथे सवय बिघडते: कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब, जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्यासारखं वाटणं. हे तीन आठवड्यांहून जास्त चाललं, किंवा वजन आपोआप उतरू लागलं, तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जायचं.

पण खरा फायदा आहे तो काहीच होत नसताना तपासण्यात. मळातलं रक्त शोधणाऱ्या ‘फिट’ (FIT) नावाच्या चाचणीत खाचा असलेली बारीक काडी मळावरून फिरवायची, बाटलीत बुडवून झाकण लावायचं, बस्स. मानवी रक्तातल्या ग्लोबिन या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडं लपलेलं रक्त हुडकतात. जठरातून आलेलं ग्लोबिन वाटेतच पचतं, म्हणून ही चाचणी मुख्यतः मोठ्या आतड्याबद्दलच सांगते. पॉलिप रोज रक्त सांडत नाहीत, म्हणून ती वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा करायची. रक्त सापडलं म्हणजे कर्करोगच असं नाही. पण ‘पुन्हा एकदा करून बघू, कदाचित चांगली येईल’ ही पळवाट काढू नये. पुढची पायरी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी.

तिची भीती फार. खरा त्रास आदल्या दिवशीच्या जुलाबाच्या औषधाचा. तपासणीच्या वेळी गुंगी दिलेली असते. पॉलिप दिसला तर डॉक्टर तारेचा फास त्याच्या देठाभोवती टाकून आवळतात, वीज सोडतात आणि तो कापून काढतात. विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी 1969 मध्ये न्यूयॉर्कमध्ये दुर्बिणीतून असा पॉलिप काढला, आणि त्यासाठी पोट उघडायची गरज संपली. आतडं स्वच्छ निघालं आणि जोखीम नेहमीचीच असेल, तर पुढची दुर्बीण साधारण दहा वर्षांनी.

सुरुवात कधी करायची? अनेक देशांत 50 व्या वर्षी. अमेरिकेत 2021 पासून 45 व्या. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा आजार झाला असेल तर हिशेब वेगळा: चाळिशी, किंवा त्यांचं निदान झालं त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल ते. वडिलांना 48 व्या वर्षी कळलं असेल, तर मुलांनी 38 व्या वर्षी डॉक्टरांकडे जायचं, पोट अगदी ठणठणीत असलं तरी.