पाचट, ओल आणि वाढता उन्हाळा

शेतकरी बंधू-भगिनींनो,

उसाचं पाचट (तोडणीनंतर उरलेला वाळका पाला) कुजवणारं कल्चर, म्हणजे जिवाणू-बुरशींचं मिश्रण, न्यायला आलेले बरेच जण विचारतात, "ऊन एवढं वाढलंय, मग पाचट आपोआप लवकर कुजायला नको का?" ते ओलीवर ठरतं.

ओल असेल तर उष्णतेनं जिवाणूंची भूक वाढते. ढोबळमानानं तापमान १० अंशांनी चढलं की त्यांचं काम दुपटीच्या आसपास जातं. ओल नसेल तर ते निपचित पडतात. खोडव्याच्या (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकाच्या) सरीतलं पाचट उचलून बघा. वरचा थर पापडासारखा कडकडा मोडतो. चार बोटं खाली, मातीला चिकटलेली पानं मात्र काळपट, मऊ, आणि त्यांच्यावर कापसाच्या तंतूंसारखी पांढरी बुरशी. सगळं काम तिथं चालतं. पाचट कुजवणाऱ्या ट्रायकोडर्मा या बुरशीला २५ ते ३० अंश मानवतात, पस्तिशीच्या पुढं ती मंदावते; मे महिन्यात दुपारी उघडी जमीन त्याच्या कितीतरी वर तापते.

भूक वाढण्याची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९९१ पासून जमिनीत केबल पुरून काही तुकड्यांतली माती आजूबाजूपेक्षा ५ अंश गरम ठेवली आहे. पहिली दहा वर्षं जिवाणूंनी झपाट्यानं खाल्लं, मातीतला कर्ब (कार्बन) वायू होऊन उडाला. सोपं अन्न संपल्यावर वेग उतरला. मग जिवाणूंची घडणच बदलली आणि कर्ब पुन्हा जाऊ लागला. २६ वर्षांत वरच्या ६० सेंटिमीटरमधला सुमारे १७ टक्के कर्ब गेला. तिथं तर दरवर्षी पानगळ होते! आपण पाचट पेटवलं, तर जमिनीला परत काय दिलं?

म्हणून पाचट पेटवू नका, सरीत दाबून बसवा. हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो कल्चर टाका. युरिया वगळू नका: पाचटात कर्ब भरपूर, नत्र अगदी थोडं. ते मिळालं नाही तर जिवाणू मातीतलं नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. लगेच पाणी द्या.

पाण्याची पाळी मिळणार नसेल तर कल्चर आत्ता नेऊ नका. कोरड्या पाचटावर ते वाया जातं, पैसे तुमचे जातात. पाळीच्या आदल्या दिवशी या, पाकीट सावलीतून घेऊन जा.