साडेसदतीस डॉलरचा बेंजो

गणपतीच्या मिरवणुकीत जी बेंजो पार्टी वाजते, तिच्यातला बेंजो आधी बाजूला ठेवू. तो मूळचा जपानी, नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये टाइपरायटरसारख्या कळा बसवून केलेला तैशोगोतो. आपल्याकडे त्याचा बुलबुल तरंग झाला, पुढे त्याला पिकअप लागला आणि अँप्लिफायरसह तो रस्त्यावर आला. नाव तेवढं उसनं. ते ज्याचं, तो बेंजो म्हणजे कातडी ताणून बसवलेला गोल घेर, त्याला लांब दांडी आणि तारा. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी भोपळा आणि चामडं वापरून तो अमेरिका खंडात पुन्हा घडवला. हान्स स्लोन या आयर्लंडमध्ये जन्मलेल्या डॉक्टरने १६८७ ते १६८९ या काळात जमैकात अशी वाद्यं पाहिली आणि १७०७ च्या आपल्या ग्रंथात त्यांचं चित्रही छापलं. पुढे गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून तो रंगमंचावर वाजवला. ज्यांचं वाद्य त्यांचीच टिंगल करत तो घरोघरी पोचला.

इथे सांगायची आहे ती अशा एकाच बेंजोची हकिगत. गिब्सन कंपनीचा ग्रॅनाडा, क्रमांक ९५८४-३, १९३० च्या आसपास मिशिगनमधल्या कालामाझूच्या कारखान्यात तयार झालेला. लहरदार रेषांचं मेपल लाकूड, धातूच्या भागांना सोन्याचा मुलामा आणि त्यावर कोरीव काम, असा ऐटबाज माल. पण तो बाजारात आला तो चुकीच्या वेळी. विसाच्या दशकात नाचाच्या बँडमध्ये चार तारांचा टेनर बेंजो जोरात होता, गिब्सनचा बहुतेक माल त्याच घाटाचा. पाच तारांचा बेंजो म्हणजे डोंगराळ भागातल्या खेडुतांचं वाद्य, त्याला गिऱ्हाईक कमी. त्यातच मंदी आली आणि बँडमधली टेनरची जागाही गिटारने घेतली. म्हणून त्या काळातले मुळातच पाच तारांचे, चपट्या रिंगचे ग्रॅनाडा फार थोडे निघाले. आज जुन्या टेनरला पाच तारांची नवी दांडी बसवून वाजवणारे इतके का दिसतात, ते यावरून कळावं.

ही रिंग म्हणजे या वाद्याचा गळा. कातडीखाली, लाकडी घेरावर बसणारं पितळेच्या जातीचं जडशीळ कडं. कडेचे २४ हुक पिळले की कातडी ताणली जाते. प्लॅस्टिकची पुडी पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस आली. त्याआधी वासराचं कातडंच असायचं. पावसाळी हवेत तबल्याची पुडी उतरली की वादक हातोडी घेऊन बसतो, तसा बेंजोवाला पाना घेऊन बसायचा. पाचवी तार आखूड. तिची खुंटी दांडीच्या टोकाला नसते, मध्येच पाचव्या पडद्यापाशी असते, आणि ती अंगठ्याने वाजवायची.

या ग्रॅनाडाचा पहिला ज्ञात मालक फिशर हेंडली, रेडिओवर कार्यक्रम करणारा बँडप्रमुख. नंतर तो साउथ कॅरोलायनातल्या एका गहाणवटीच्या दुकानात सापडला. स्नफी जेंकिन्सने तो साडेसदतीस डॉलर मोजून उचलला. जेंकिन्स स्वतः मोठा वादक. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशा तीन बोटांत नख्या घालून वाजवण्याची रीत त्याने तिसाच्या दशकातच कॅरोलायनाच्या रेडिओवरून ऐकवली होती. त्याच्याकडून बेंजो गेला तरुण डॉन रेनोकडे.

रेनो आणि दुसरा बेंजोवादक अर्ल स्क्रग्ज यांची नशिबं इथपासून एकमेकांत गुंततात. १९४३ मध्ये बिल मन्रो या गायकाने आपल्या ब्लू ग्रास बॉइज या बँडमध्ये रेनोला बोलावलं होतं. रेनो सैन्यात गेला, ब्रह्मदेशच्या आघाडीवर पोचला. ती जागा १९४५ च्या डिसेंबरात स्क्रग्जला मिळाली आणि ब्लूग्रास या अमेरिकी लोकढंगाच्या संगीताचा कान त्या दिवसापासून बदलला. स्क्रग्ज १९४८ मध्ये बाहेर पडला, तेव्हा त्याच्या जागी आला तो रेनो! मग लोक म्हणणार, हा स्क्रग्जची नक्कल करतो. आपली वेगळी शैली शोधण्यामागे रेनोची ही चीडही होती, असं मला वाटतं.

१९४९ च्या सुमारास दोघांनी बेंजोंची अदलाबदल केली. ग्रॅनाडाची अवस्था तेव्हा बरी नव्हती. स्क्रग्जकडे गिब्सनचाच, पण दर्जाने खालचा स्टाइल ७५ होता, दिसायला साधा आणि सुस्थितीतला. या सौद्यात रेनोचंच नुकसान आहे हे स्क्रग्जला ठाऊक होतं, म्हणून त्याने वर एक मार्टिन कंपनीची गिटार दिली. मोडक्या मालावर वरकड द्यावी लागते, हे ज्याला कळतं त्याला वाद्य कळतं. मग स्क्रग्जने ग्रॅनाडा गिब्सनकडे दुरुस्तीला पाठवला. पडद्यांची पट्टी नवी, शिंपल्यांची नक्षी नवी, दांडी थोडी बारीक.

११ डिसेंबर १९४९ रोजी सिनसिनाटीत स्क्रग्जची 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन' ही बेंजोची धून ध्वनिमुद्रित झाली. त्यात हाच बेंजो वाजला की दुसरा, यावर बेंजोवाले आजही हमरीतुमरीवर येतात. जुने फोटो भिंग लावून पाहतात, एकेका सुराची चिरफाड करतात. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटेल, पण ज्याला त्या कड्याचा आवाज कानाने ओळखता येतो, त्याच्याशी वाद घालून पाहा.

स्क्रग्जबद्दल एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. नॉर्थ कॅरोलायनातल्या फ्लिंट हिल गावचा हा पोर चार वर्षांचा असताना वडील गेले. दहाव्या वर्षी भावाशी भांडून तो खोलीत एकटाच बेंजो घेऊन बसला होता, मन दुसरीकडे. 'रूबेन' ही धून वाजवता वाजवता त्याच्या ध्यानात आलं की आपण दोनाऐवजी तीन बोटं चालवतोय. तीन बोटांची रीत त्या भागात आधीपासून होती, जेंकिन्सचंच उदाहरण वर आलंय. स्क्रग्जने तिला वेग दिला आणि स्वर एकसारखे सलग केले, इतके की पुढे त्या रीतीला त्याचंच नाव चिकटलं.

ग्रॅनाडा मग स्क्रग्जकडेच राहिला. २८ मार्च २०१२ रोजी तो नॅशव्हिलमध्ये वारला. गिब्सनने त्याच्या नावाचे बेंजो १९८४ पासून विकले, ते याच ग्रॅनाडाच्या धर्तीवर.

आणि तो स्टाइल ७५? रेनोने त्याचं नाव 'नेली' ठेवलं. १९८४ मध्ये रेनो गेला, आणि नेली त्याचा मुलगा डॉन वेन रेनो वाजवू लागला.