मिश्र भूवापर

एकाच इमारतीत किंवा गल्लीत राहणे, विक्री आणि कारागिरी शेजारी-शेजारी चालू देणाऱ्या नगररचनेला मिश्र भूवापर म्हणतात. सांगलीच्या गणपती पेठेत, हरभट रोडवर खाली गाळा आणि वर बिऱ्हाड ही जुनीच रीत. मिरजेत तंतुवाद्यांचे कारखानेही वस्तीतच आहेत.

नवी बांधकामे 2020 च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार मंजूर होतात. निवासी पट्ट्यात कोणता वापर चालेल हे मुख्यतः रस्त्याच्या रुंदीवर ठरते. अरुंद रस्त्यावर दवाखाना, वकिलाची कचेरी असे मोजके वापर. रुंद रस्त्यावर दुकाने, बँका, कार्यालये. पूरक चटईक्षेत्र, म्हणजे मूळ मंजूर बांधकाम क्षेत्रावर मिळणारे जादा क्षेत्र, निवासी भागाला 60, तर बिगरनिवासी भागाला 80 टक्क्यांपर्यंत मिळते. त्यामुळे गिऱ्हाईक नसलेल्या रस्त्यावरही गाळे काढण्याचा मोह होतो आणि शटर वर्षानुवर्षे बंद राहतात.

भांडणे बहुधा जिना आणि सांडपाण्यावरून होतात. रहिवाशांचा जिना गाळ्यांपासून वेगळा हवा. नाहीतर त्याखाली खोकी रचली जातात, तिथेच मीटर असतात आणि आग लागली तर उतरायची वाट बंद. खाली हॉटेल असेल तर धुराडे गच्चीच्या वर न्यावे, खरकट्या पाण्याला ग्रीस ट्रॅप (तूप-तेल अडवणारी टाकी) लावून सांडपाण्याची स्वतंत्र नळी द्यावी. घरांच्या सांडपाण्याच्या नळीतच ते सोडले की तूप-तेल थिजून चेंबर तुंबते. गाळ्याचा वीजमीटर व्यापारी हवा. घरगुती मीटरवर धंदा चालवल्यास वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते.

सांगलीत मात्र खरा प्रश्न तळमजल्याचा. कृष्णेची इशारा पातळी आयर्विन पुलापाशी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले. निळ्या (25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) आणि लाल (100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) पूररेषेमधल्या बांधकामाचे जोते लाल रेषेच्या पातळीहून 0.45 मीटर उंच लागते. एवढ्या उंचीवर गाळा नेला की गिऱ्हाईक पायऱ्या चढायला कंटाळते, आणि पायऱ्या पदपथावर येतात. खांबांवर इमारत उचलून खाली वाहनतळ, वर दुकाने हा मार्ग बरा, पण रस्त्यालगतच्या दुकानाची ओढ त्याला नसते. जुन्या गाळ्यांत निदान मीटर आणि पंपाचा स्टार्टर पहिल्या मजल्यावर न्यावेत, माल पोटमाळ्यावर चढवण्यासाठी पक्की शिडी ठेवावी. पूर ओसरल्यावर जमिनीखालची टाकी उपसून, धुऊन, क्लोरीन टाकल्याशिवाय वरच्या बिऱ्हाडांना पाणी चढवू नये. तिच्यात गटाराचे पाणी शिरलेले असते.