बाबासाहेबांचे दप्तर कुठे कुठे विखुरले

दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीहून परतणाऱ्या माणसांच्या पिशव्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड असतात. ते हातात घेणाऱ्या प्रत्येकाला, त्यामागचे कागद कसे बचावले हे ठाऊक असायला हवे असे मला मनापासून वाटते.

बाबासाहेब नेते होतेच, पण संपादकही होते. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. ‘केसरी’ने मात्र पैसे देऊ केले तरी त्याची जाहिरात छापली नाही. पुढे ३ एप्रिल १९२७ पासून ‘बहिष्कृत भारत’ आला. त्याचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहून काढावे लागत. ना पगारी संपादक वर्ग, ना भांडवल. अशा पाक्षिकाचे अंक कोण बांधून ठेवणार? ज्यांच्यासाठी ते निघत होते, त्यांच्यातल्या बहुतेकांना शाळेची पायरीही चढू दिलेली नव्हती.

त्यामुळे हे दप्तर एका जागी कधी राहिलेच नाही. ग्रंथांसाठी बांधलेले दादरचे ‘राजगृह’, पुढे मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय, मंत्री झाल्यावर दिल्ली, अशी त्याची पांगापांग झाली. बरेचसे राहिले ते माणसांच्या जिव्हाळ्यामुळे. चांगदेव खैरमोडे यांनी आयुष्यभर पत्रे, कात्रणे, आठवणी गोळा केल्या आणि त्यांतून बारा खंडांचे चरित्र उभे केले. नाशिकच्या दादासाहेब गायकवाडांनी बाबासाहेबांची पत्रे जपली, म्हणून चळवळीतले रोजचे व्यवहार, पैशांची ओढाताण आज कळते.

खरा घात दिल्लीत झाला. ६ डिसेंबर १९५६ रोजी २६, अलीपूर रोडच्या घरी बाबासाहेबांचे निधन झाले. अनेक ग्रंथांची टंकलिखिते अर्धवट होती. काही प्रकरणांची नुसती सुटी पाने होती. घर दुसऱ्याचे, भाड्याचे. १९६७ च्या जानेवारीत तिथले सामान बाहेर काढले गेले, कागद अंगणात पडले आणि वरून पाऊस आला. त्यात काय गेले याची यादी कोणी करू शकत नाही. उरलेले दिल्ली उच्च न्यायालयाच्या ताब्यात गेले आणि वर्षानुवर्षे तिथेच अडकून पडले.

महाराष्ट्र सरकारने १९७६ मध्ये हे खंड काढण्यासाठी चरित्र साधने प्रकाशन समिती नेमली. पहिला खंड १४ एप्रिल १९७९ रोजी आला. खंडांचे संपादक वसंत मून यांनी दिल्लीच्या कागदांसाठी जो पाठपुरावा केला, त्याला तोड नाही. कागद मिळाल्यावर खरे काम सुरू झाले: कोणते पान कोणत्या ग्रंथाचे, कोणता मसुदा आधीचा, कोणती दुरुस्ती बाबासाहेबांच्या हातची. १९८७ मध्ये याच कागदांतून ‘रिडल्स इन हिंदुइझम’ छापले गेले आणि राम-कृष्णांवरच्या प्रकरणावरून महाराष्ट्र ढवळून निघाला. ते वगळा, अशी मागणी झाली तेव्हा हजारोंच्या संख्येने आंबेडकरी जनता मुंबईच्या रस्त्यावर उतरली. ग्रंथात काय राहावे यासाठी इतकी माणसे घराबाहेर पडली, ही घटना मला फार मोठी वाटते.

‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ यांचे मिळाले तेवढे अंक १९९० मध्ये एकत्र छापले गेले.

अंक निदान पुन्हा छापले गेले; बाबासाहेबांच्या छापखान्याच्या नशिबी मात्र टिकणेही नव्हते. दादरच्या आंबेडकर भवनातला बुद्धभूषण छापखाना जून २०१६ मध्ये रातोरात इमारतीसह पाडला गेला. आणि सरकारी खंडांची छपाई इतकी रेंगाळली की २०२१ मध्ये वृत्तपत्रातली बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.