कॉर्व्हेटच्या पिढ्या आणि अश्वशक्तीचा घोळ

कॉर्व्हेट या शेव्हरोलेच्या अमेरिकन स्पोर्ट्स कारच्या आठ पिढ्यांची तुलना करणारे तक्ते बहुधा अश्वशक्तीच्या रकान्यापासून सुरू होतात आणि वाचणाऱ्याची पहिली गफलत तिथेच होते. १९७० आणि १९७५ च्या गाड्यांचे आकडे शेजारीशेजारी ठेवले, तर मूळ (म्हणजे सर्वांत साधे) ५.७ लिटर इंजिन ३०० वरून १६५ वर घसरलेले दिसते. या गाड्यांची तिसरी पिढी म्हणजे नुसता देखावा, हा शेरा या घसरणीवरूनच मारला जातो आणि तो अर्धाच खरा आहे.

१९७१ पर्यंत अमेरिकेत प्रामुख्याने ‘ग्रॉस’ अश्वशक्ती जाहीर होत असे. इंजिन गाडीबाहेर चाचणीच्या बाकावर चढवायचे, पंखा, अल्टरनेटर आणि एअर फिल्टरचा भार काढून टाकायचा, धूर मोकळ्या नळ्यांतून सोडायचा आणि जे मिळेल ते छापायचे, अशी ती रीत होती. १९७२ पासून ‘नेट’ मोजणी रूढ झाली. तिच्यात गाडीत असतात ती सगळी उपकरणे आणि प्रत्यक्षातला सायलेन्सर लावूनच इंजिन मोजले जाते. मधल्या १९७१ या सालासाठी कंपनीने दोन्ही आकडे दिले होते, त्यामुळे हिशेब लावणे सोपे जाते: मूळ इंजिनाचे ग्रॉस २७०, नेट २१०. पुढच्या वर्षी नेट २००. म्हणजे तक्त्यात ७० अश्वशक्ती गेली असे दिसते, तेव्हा प्रत्यक्षात जेमतेम १० गेलेली असते. खरी घट त्याच्या अलीकडची आणि पलीकडची आहे. १९७१ साली कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबण्याचे प्रमाण) उतरवले तेव्हा ३०० चे २७० झाले आणि १९७५ साली धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आल्यावर आकडा १६५ पर्यंत खाली आला.

ग्रॉस आकडे नेहमी फुगवलेलेच असत, असेही नाही. १९६७ च्या ७ लिटर ‘एल-८८’ इंजिनावर ४३० चा शिक्का होता, तर त्याच वर्षीच्या, रस्त्यावर चालवण्याजोग्या तीन कार्ब्युरेटरच्या इंजिनावर ४३५ चा. शर्यतीसाठी बांधलेल्या एल-८८ ची ताकद प्रत्यक्षात ५०० च्या वर होती. साध्या गिऱ्हाइकाने ते मागू नये म्हणून आकडा मुद्दाम दाबला, असे मानले जाते.

याच तिसऱ्या पिढीत १९७३ ची एक गाडी आहे, जिचे नाक प्लास्टिकचे आणि मागचा बंपर अजून क्रोमचा आहे. हा जोड त्या एकाच वर्षी मिळतो आणि बंपरच्या सुरक्षेचे नियम गाडीच्या अंगावर कसे टप्प्याटप्प्याने चढले, ते तिच्यावर डोळ्यांनी दिसते. पुढे १९७९ साली, मूळ इंजिन १९५ अश्वशक्तीचे असताना, ५३,८०७ गाड्या बनल्या. त्यापेक्षा जास्त कॉर्व्हेट आजवर कोणत्याही मॉडेल-वर्षात बनलेल्या नाहीत. गिऱ्हाइकाने तक्ता पाहिला नव्हता, किंवा पाहूनही मनावर घेतला नव्हता.

तिसऱ्या पिढीआधीचा इतिहास थोडक्यात आटोपतो. १९५३ मध्ये सहा सिलिंडरच्या ३०० गाड्या, १९५५ मध्ये आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन, १९६३ मध्ये मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि एकाच वर्षापुरती दुभंगलेली मागची काच.

चौथ्या पिढीसाठी १९८३ चे मॉडेल-वर्ष गाळले गेले. १९८४ ची गाडी २०५ अश्वशक्तीने आली आणि १९९० ची ‘झेडआर-१’ ३७५ वर गेली. १९९७ च्या पाचव्या पिढीत गिअरबॉक्स मागे सरकला, २०२० च्या आठव्या पिढीत इंजिनही चालकाच्या मागे गेले आणि हाताने टाकायचा गिअर संपला. जुन्या चाहत्यांना तो बदल अजून पचलेला नाही. २०२४ ची ‘ई-रे’ पुढची चाके विजेवर चालवते. तिचे ६५५ म्हणजे पेट्रोल इंजिनाचे ४९५ आणि मोटरचे १६०. तक्त्यात मात्र एकच आकडा, १९७० च्या ३०० च्याच रकान्यात.