कोलमनस्कोप: वाळू उपसणारे गेले, मग वाळू आत आली

कोलमनस्कोपचे फोटो तुम्ही कधीतरी पाहिले असतील, गावाचं नाव मात्र लक्षात असेलच असं नाही. फिकट निळ्या भिंतींची खोली, अर्धवट उघडं राहिलेलं दार आणि त्या दारातून आत घुसलेली कमरेएवढी वाळू. खाली ‘निसर्गाने आपली जागा परत घेतली’ छापाची ओळ ठरलेली. ती अर्धीच खरी आहे. नामिबियाच्या नैऋत्य किनाऱ्यावर, ल्युडेरिट्झ बंदरापासून दहाएक किलोमीटर आत वसलेल्या या गावात वाळू पहिल्या दिवसापासूनच येत होती. रोज सकाळी ती उपसायला माणसं ठेवलेली असत. ती माणसं गेली आणि उपसा थांबला.

गोष्ट सुरू होते १८८३ साली. ब्रेमेनचा तंबाखू व्यापारी अडोल्फ ल्युडेरिट्झ याने आपल्या माणसामार्फत नामा टोळीचा प्रमुख जोसेफ फ्रेडरिक्स याच्याकडून किनाऱ्याची पट्टी विकत घेतली. ऑरेंज नदीपासून २६ अंश दक्षिण अक्षांशापर्यंत आणि किनाऱ्यापासून २० मैल आत. किंमत ५०० पौंड आणि ६० बंदुका. नामांना ठाऊक होता तो दीड-पावणेदोन किलोमीटरचा इंग्रजी मैल. ल्युडेरिट्झने सही झाल्यावर जर्मन मैलाने मोजणी केली, आणि तो जवळजवळ साडेसात किलोमीटरचा. ३२ किलोमीटर रुंदीची पट्टी बसल्या जागी दीडशेच्या घरात गेली. यालाच आपल्याकडे दिवसाढवळ्या दरोडा म्हणतात.

पुढे हा मुलूख जर्मन वसाहत झाला. १९०४ मध्ये तिथले हेरेरो लोक आणि पाठोपाठ नामा जर्मनांविरुद्ध उठले. उठाव इतक्या निर्दयपणे चिरडला गेला की २०२१ मध्ये खुद्द जर्मन सरकारने त्याला वंशसंहार म्हटलं. कैद्यांना ल्युडेरिट्झच्या तोंडावरच्या शार्क बेटावर कोंडलं होतं, आणि बंदरापासून आत जाणारा रेल्वेमार्ग टाकायला त्यांनाच जुंपलं. खुद्द जर्मन नोंदी सांगतात, १९०६-०७ मध्ये या कामावर लावलेल्या दोन हजारांच्या आसपास कैद्यांपैकी हजाराहून अधिक मेले. हिऱ्यांचा शोध लागला तो याच रुळांवर.

रूळ वाळवंटातून जात असल्याने ते सतत वाळूखाली जायचे. वाळू काढायला मजुरांच्या टोळ्या होत्या आणि एका टप्प्याचा मुकादम होता ऑगस्ट श्टाउख, दम्याचा विकार म्हणून कोरड्या हवेत आलेला रेल्वेचा साधा नोकर. एप्रिल १९०८ मध्ये त्याच्या टोळीतल्या झकारियास लेवालाच्या फावड्याला एक चकाकता खडा लागला. लेवालाने आधी किंबर्लीच्या हिऱ्याच्या खाणीत काम केलं होतं, त्यामुळे हे काय आहे ते त्याला बघताक्षणी कळलं. त्याने खडा श्टाउखला नेऊन दिला. श्टाउखने तो घड्याळाच्या काचेवर घासून पाहिला, असं सांगतात. काचेवर ओरखडा उठला. श्टाउखने गाजावाजा न करता आसपासच्या जमिनीचे हक्क नावावर करून घेतले, नोकरी सोडली आणि लवकरच तो लक्षाधीश झाला. लेवालाला बक्षीस म्हणून काही मिळाल्याची नोंद नाही.

सप्टेंबर १९०८ मध्ये जर्मन सरकारने ऑरेंज नदीपासून २६ अंश अक्षांशापर्यंत, किनाऱ्यापासून १०० किलोमीटर आतपर्यंतचा मुलूख बंद करून टाकला. नाव ठेवलं श्पेरगेबीट, म्हणजे निषिद्ध क्षेत्र. यातल्या दक्षिण आणि उत्तर सीमा ल्युडेरिट्झच्या खरेदीतल्याच, हे नजरेतून सुटू नये.

कोलमनस्कोप या बंद मुलखाच्या उत्तर भागात उभं राहिलं. जर्मन वस्ती जेमतेम तीनशे प्रौढांची, पण थाट शहराचा. नाचगाण्याचा हॉल, व्यायामशाळा, शाळा, बेकरी, रोज घरोघर बर्फाची लादी पोचवणारा कारखाना. गोडं पाणी सुरुवातीला जहाजाने केपटाऊनहून यायचं. इस्पितळात क्ष-किरण यंत्र होतं, तेही त्या काळात. हाडं तपासायला ते उपयोगी पडतच असणार, पण कोणी हिरा गिळलाय का हेही त्यात दिसायचं.

हिरे शोधायची पद्धत तर विश्वास बसू नये अशी. उत्तरेतून कंत्राटावर आणलेले ओवांबो मजूर एका रांगेत गुडघ्यांवर, कधी पोटावर सरकत पुढे जायचे आणि वाळू निवडायचे, घरात तांदळातले खडे निवडतात तशी. श्टाउखच्या बायकोचं नाव दिलेल्या इडाताल खोऱ्यात तर चंद्रप्रकाशात हिरे चमकायचे म्हणे. वाऱ्याने हलकी वाळू उडून जायची आणि जड हिरे वर उघडे पडायचे, एवढं यात नक्की खरं.

हे हिरे इथले नव्हेतच. दक्षिण आफ्रिकेच्या अंतर्भागातले खडक झिजले, ऑरेंज नदीने त्यातले हिरे समुद्रात आणले आणि लाटांनी ते किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे ढकलले. मोठे हिरे नदीच्या मुखाजवळ राहिले, बारीक दूरवर गेले. कोलमनस्कोपच्या वाट्याला आले ते बारीक. गावाचा शेवट याच हिशेबात होता. पहिल्या महायुद्धात मुलूख दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात गेला, १९२० मध्ये तिथला खाणमालक अर्नेस्ट ओपनहायमरने जर्मन कंपन्या विकत घेतल्या, आणि १९२८ मध्ये नदीच्या मुखाशी थोराड हिरे सापडले. यंत्रं आणि माणसं तिकडे ओरान्येमुंडला हलली. १९५६ पर्यंत कोलमनस्कोप ओस पडलं.

आपल्याशी जुळणारा एक धागा त्याच ओरान्येमुंडला सापडतो. एप्रिल २००८ मध्ये तिथे समुद्र बांध घालून मागे सारला होता आणि खणकाम चालू असताना एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष निघाले. दोन हजारांवर सोन्याची नाणी, हस्तिदंत, आणि टनावारी तांबं. संशोधकांच्या मते हे बहुधा १५३३ मध्ये लिस्बनहून हिंदुस्थानकडे निघालेलं ‘बॉम जेझूश’. गोवा तेव्हा पोर्तुगिजांची इथली राजधानी झाली होती, आणि मिरी घ्यायला तांबं लागायचं. मुलूख शंभर वर्षं बंद होता म्हणून हा माल लुटला गेला नाही. निषिद्ध क्षेत्राच्या पदरात टाकावं असं हे एवढं एकच पुण्य.

आज कोलमनस्कोप संग्रहालय आहे आणि परवाना काढून दुपारी एकपर्यंत पाहता येतं. भोवतालचा बराच मुलूख २००८ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच उद्यानात आता हरित हायड्रोजनचा मोठा प्रकल्प आखला जातोय, त्यात जर्मनीला रस आहे, आणि त्यासाठी ल्युडेरिट्झ बंदर शार्क बेटाच्या बाजूने वाढवायचा विचार आहे. नामा नेत्यांनी त्याला हरकत घेतली आहे. त्या पाण्याखाली आमच्या माणसांची हाडं आहेत, असं त्यांचं म्हणणं आहे.